वेताळाचा खरा रंग कोणता?



सकाळी सात वाजता ज्या कागदासाठी घरात ओढाताण चालते, त्याच कागदाची दुसऱ्या दिवशी काय अवस्था होते हे आपण सर्व जाणतो. त्याची घडी फडताळात अंथरली जाते, त्यात भाजी निवडली जाते, मुलांच्या वह्यांना त्याची वेष्टणे चढतात. आणि उरलेला गठ्ठा महिन्याच्या अखेरीस रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसतो. वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे. छापणाऱ्यालाही त्याहून अधिक अपेक्षा नसते आणि विकत घेणाऱ्यालाही नसते. अशा एका दिवसाच्या कागदावर, बातम्यांच्या आणि जाहिरातींच्या मधल्या जागेत, तीनचार चौकटींची एक आडवी पट्टी छापलेली असते. तिच्यात कोणी पोरटे खोडी काढत असते, कोणी वीरपुरुष दरीच्या काठावर लोंबकळत असतो, आणि पुढे काय झाले ते उद्या कळावयाचे असते. या पट्ट्यांचा, म्हणजे वृत्तपत्रांतून क्रमशः येणाऱ्या चित्रमालिकांचा, जीर्णोद्धार हा माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली जी व्याख्यानमाला सुरू केली, तिच्या व्यासपीठावर पोरासोरांच्या चित्रांची चर्चा व्हावी काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती मी गैर मानणार नाही. परंतु शंकेखोरांना मी एवढीच विनंती करीन की, त्यांनी इतिहासाचार्य राजवाड्यांचे स्मरण करावे. वाईस सापडलेल्या जुन्या कागदांच्या आधारे त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या काळी असे कागद कित्येक घरांत माळ्यावर पडून कुजत होते, आणि घरच्या मंडळींच्या दृष्टीने ती अडगळच होती. इतिहासाचे साधन आणि रद्दी यांत कागदाचा फरक नसतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीचा असतो. एखाद्या काळात सामान्य माणूस कशाला हसत होता, कशाला भीत होता, परकी माणसे त्याला कशी दिसत होती, हे त्या काळच्या अग्रलेखांतून जितके कळते त्याहून काकणभर अधिकच या पट्ट्यांतून कळते. कारण अग्रलेख लिहिताना माणूस सावध असतो, विनोद करताना नसतो.

प्रथम या मालिकांचा थोडा पूर्ववृत्तान्त सांगतो. अमेरिकेतील वृत्तपत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रविवारच्या अंकांना रंगीत पुरवण्या जोडण्यास प्रारंभ केला. १८९५ साली न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्रात औटकॉल्ट या चित्रकाराचे एक टकलू, लांब झग्याचे पोर अवतरले. पुढे 'पिवळा पोरगा' म्हणून ते इतके लोकप्रिय झाले की, दोन बड्या वृत्तपत्रमालकांत त्याच्यावरून चुरस लागली. १९०५ साली 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये विन्सर मॅके याची 'लिटल निमो' सुरू झाली. निमो नावाच्या मुलाची स्वप्ने रविवारच्या अख्ख्या पानभर रंगांत उमलत आणि शेवटच्या चौकटीत पोर पलंगावरून खाली पडून जागे होई. पुढे साहसकथांचा काळ आला. १९३४ साली ली फॉक याने 'मँड्रेक' हा जादूगार जन्माला घातला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याचाच 'फँटम' वृत्तपत्रात अवतरला. हाच आपल्याकडचा 'वेताळ'. त्याच्याकडे मी पुन्हा येणारच आहे.

आपल्याकडे व्यंगचित्रांची परंपरा निराळ्या वाटेने आली. लंडनच्या 'पंच'च्या धर्तीवर गावोगाव 'पंच' निघाले. त्यांपैकी मुंबईच्या 'हिंदी पंच'ने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या व्यंगचित्रांचे निवडक संग्रह पुस्तकरूपाने काढले. साप्ताहिकाचे सुटे अंक दुर्मीळ झाले; पण फिरोजशहा मेहता, गोखले, कर्झन यांच्याकडे त्या काळचा विनोदकार कोणत्या नजरेने पाहत होता हे अभ्यासकांना आजही पाहावयास मिळते, त्याचे बरेचसे श्रेय या संग्रहांना आहे. मराठीत १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाल्यावर शंकरराव किर्लोस्करांची, म्हणजे 'शंवाकिं'ची, व्यंगचित्रे घरोघर पोहोचली. सुटे पान हरवते, पुस्तक टिकते, हा धडा आपल्याला असा घरच्या घरीच मिळालेला आहे.

आता कोणी म्हणेल, टिकवावयाचे तर जुना अंक काढावा, छायाचित्र घ्यावे आणि छापावे. यात जीर्णोद्धाराचे एवढे अवडंबर कशाला? हे समजण्यासाठी ती पट्टी कागदावर कशी येत असे ते पाहिले पाहिजे. चित्रकार जाड कागदावर, छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट आकारात, काळ्या शाईने चित्र काढी. त्याचे छायाचित्र घेऊन जस्ताचा ठसा करीत. ठशावरून कागदाच्या लगद्याचे साचे काढीत आणि ते टपालाने शेकडो वृत्तपत्रांकडे रवाना होत. प्रत्येक वृत्तपत्र आपापल्या छापखान्यात साच्यात शिसे ओतून छपाईचा पत्रा तयार करी. आता साचा सुकताना आकसे. शिसे कोठे कमी भरे. यंत्रावर शाई एका गावी जास्त तर दुसऱ्या गावी कमी पडे. रविवारच्या रंगीत पानांची तर आणखी कथा. रंग चार वेळा चढावयाचे. एखादा ठसा केसभर सरकला की नायकाच्या ओठांचा लाल रंग त्याच्या हनुवटीवर उतरे. शिवाय तीच मालिका एक पत्र पूर्ण पानात छापी, दुसरे अर्ध्या पानात, तिसरे आणखी लहान जागेत. आणि जागा पुरेना म्हणून एखादी चौकट सरळ गाळली जाई, एखादी कडेने छाटली जाई. तात्पर्य, एकाच दिवशी, एकाच मालिकेची, दोन गावांत छापलेली प्रत सारखी असेलच असे नाही.

त्यावर कागदाचा स्वभाव. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या भुशापासून होतो, आणि त्यात लाकडातले लिग्निन तसेच राहते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते, कागदात आम्ल वाढते आणि काही दशकांत कागद पापडासारखा मोडू लागतो. आपल्या मोडी दप्तरांचे हातकागद अडीचशे वर्षे टिकले, आणि आपल्या आजोबांच्या वेळचे वर्तमानपत्र हातात घेताच त्याचा चुरा होतो, याचे कारण हेच. या संकटावर विसाव्या शतकाच्या मध्यास ग्रंथालयांना एक उपाय सापडला, तो सूक्ष्मपटाचा. पाने सूक्ष्मपटावर उतरवावयाची आणि बांधीव खंड काढून टाकावयाचे. जागा वाचली, मजकूरही वाचला; परंतु सूक्ष्मपट काळापांढरा! ज्या रंगीत पुरवण्यांसाठी लोक एकेकाळी अंक विकत घेत, त्यांचे रंग त्यात नाहीसे झाले, आणि बारीक रेषांच्या जागी काळे डाग उरले. मजकूर राखण्याच्या उत्साहात चित्रे मेली.

अशा वेळी सॅन फ्रान्सिस्कोचा बिल ब्लॅकबियर्ड नावाचा एक गृहस्थ पुढे आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ग्रंथालये बांधीव खंड काढून टाकीत आहेत हे त्याला कळले. त्याने ते मागितले, तेव्हा अडचण अशी निघाली की, सार्वजनिक संस्थेने असे खंड खाजगी व्यक्तीला देऊ नयेत असा नियम. गृहस्थ हार मानणारा नव्हता. त्याने आपल्या राहत्या घरालाच एका विनानफा संस्थेचे स्वरूप दिले, आणि मग खंडांचे ट्रकच्या ट्रक येऊ लागले. तळघर भरले, खोल्या भरल्या. त्यातून त्याने सुमारे २५ लाख कात्रणे वेगळी केली, असे सांगतात. १९७७ साली स्मिथसोनियन संस्थेने वृत्तपत्री चित्रमालिकांचा जो मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या संपादकांत ब्लॅकबियर्ड होता. आणि १९९८ च्या सुमारास त्याचे सारे धन ओहायो राज्य विद्यापीठाने घेतले, तेव्हा सुमारे ७५ टन कागद सहा मोठ्या ट्रकांतून न्यावा लागला. विद्यापीठांनी जे टाकून दिले ते एका वेड्या माणसाने उचलले, आणि तेच पुढे एका विद्यापीठाने सन्मानाने मागून घेतले! इतिहासाला अशा वेड्यांचे फार ऋण असते.

या आणि अशा संग्रहांच्या बळावर जुन्या मालिका पुन्हा छापण्याचा उद्योग विशेषतः एकविसाव्या शतकात जोराने वाढला. त्याचे दोनतीन मासले सांगतो. 'लिटल निमो' अनेकदा छापली गेली होती, पण लहान पुस्तकाच्या आकारात. त्यामुळे अक्षरे वाचण्यास भिंग लागे. २००५ साली, मालिकेला शंभर वर्षे झाली तेव्हा, पीटर मारेस्का या संग्राहकाने ती मूळ वृत्तपत्राच्या पानाएवढी, १६ इंच रुंद आणि २१ इंच उंच अशी छापली. त्यासाठी त्याने स्वतःच प्रकाशनसंस्था काढली. हाल फॉस्टर याच्या 'प्रिन्स व्हॅलियंट'ची गोष्ट निराळी. फॉस्टरने छापखान्यातून आलेली रंगीत प्रुफे जपून ठेवली होती. ती सिरॅक्यूज विद्यापीठात गेली, आणि २००९ पासून निघालेल्या नव्या आवृत्तीत त्यांवरून रंग घेण्यात आले. 'पीनट्स'च्या १९५० ते २००० या काळातील १७,८९७ पट्ट्या २००४ ते २०१६ या अवधीत क्रमवार पुस्तकरूपाने आल्या. त्यांतील आरंभीच्या कित्येक पट्ट्या वृत्तपत्रात एकदा छापल्या गेल्या त्यानंतर पुन्हा कोणी पाहिल्याच नव्हत्या.

जीर्णोद्धाराचे प्रत्यक्ष काम कसे चालते? मिळतील तेवढ्या प्रती गोळा करावयाच्या. एका प्रतीत डावा कोपरा फाटका, तर दुसरीत मधोमध घडीची रेघ. एका पत्राने खालची चौकट गाळलेली, दुसऱ्याने छापलेली. सर्व पाने यंत्राने टिपून संगणकावर घ्यावयाची, शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावयाची, एकीतील उणीव दुसरीने भरून काढावयाची, कागदाचा पिवळेपणा उतरवावयाचा, आणि तुटलेली रेषा जोडावयाची. पुणेकरांना हे वर्णन ओळखीचे वाटले तर नवल नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे जे काम चालले, त्याची रीत याहून तत्त्वतः निराळी नव्हती. तेथे १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. कोठे महाभारत आणि कोठे कोणा टकलू पोराची पट्टी, हे मला कळते. परंतु लहान देवळाचा पाया खणतानाही ओळंबा लागतोच. प्रतींचा मेळ घालण्याचे शास्त्र ग्रंथाची थोरवी पाहून बदलत नाही.

आणि त्या शास्त्रातला पहिला नियम असा की, संपादकाने आपल्या पदरचे काही घालू नये. घालणे अटळच झाले तर तसे सांगावे. भांडारकर मंदिराच्या आवृत्तीत पानाच्या वरच्या भागात संहिता आणि खाली पाठभेद आहेत. संपादकाने कोणता पाठ घेतला आणि कोणते सोडले, हे वाचकाला पडताळून पाहता येते. चित्रमालिकांच्या जीर्णोद्धारात नेमके हेच पुष्कळदा होत नाही. तुटलेली रेषा जोडता जोडता जोडणारा ती सुबक करतो. फिकट रंग उजळता उजळता मुळात नसलेला झगझगीतपणा आणतो. जुन्या छपाईत रंगाची लहान लहान टिंबे असत. ती पुसून तेथे सपाट रंग भरतो. पाने अशी चकचकीत दिसू लागतात की जणू परवाच काढली. गिऱ्हाईक खूष होते; पण त्याच्या हाती १९३६ चे पान न पडता १९३६ च्या पानाविषयी कोणा कारागिराची कल्पना पडते.

आता वेताळाकडे वळू. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी चतुःशृंगीच्या मागची वेताळ टेकडी चढताना मनात त्या टेकडीवरच्या देवाबरोबर या दुसऱ्या, कवटीच्या अंगठीच्या वेताळालाही नमस्कार केलेला आहे. त्याच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाचा खरा रंग कोणता? प्रश्न पोरकट वाटतो, पण त्याने जीर्णोद्धार करणाऱ्यांना चांगलेच पेचात टाकले आहे. १९३६ साली मालिका सुरू झाली तेव्हा रंगाचा प्रश्नच नव्हता. दैनिकातली पट्टी काळीपांढरी. ली फॉकच्या मनात पोशाख करड्या रंगाचा होता. नायकाचे नावही 'ग्रे घोस्ट', म्हणजे करडे भूत, ठेवावे असे त्याला वाटले होते. २८ मे १९३९ पासून रविवारचे रंगीत पान सुरू झाले, तेव्हा पोशाख जांभळा छापला गेला. इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. आपल्याकडे मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली, तिच्या पहिल्या दहा अंकांत वेताळ निळा होता आणि पुढे जांभळा झाला. मग खरा रंग कोणता? कर्त्याच्या मनातला, पहिल्या छपाईतला, की लाखो वाचकांच्या स्मरणातला?

इंद्रजालाने केवळ रंगच बदलला असे नाही. त्यापूर्वी हा नायक 'इलस्ट्रेटेड वीकली'तून इंग्रजी वाचणाऱ्यांना परिचित झाला होता. परंतु इंद्रजालातून तो मराठीत, हिंदीत आणि इतर भाषांत शिरला, आणि शिरताना संपादकांनी त्याला या भूमीत वावरण्याजोगा केला. मूळ कथेतील देशाचे नाव 'बंगाला' असे होते. ते वाचून आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे बंगालच उभा राहिला असता, म्हणून त्याचे 'डेंकाली' केले. मूळ कथेत समुद्रावरच्या चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग'. आपल्याकडे हे लक्षावधी सज्जनांचे उपनाम, म्हणून चाचे 'सिंगा' झाले. वेताळाच्या बापाला पाठीत सुरा खुपसणाऱ्याचे नाव 'रामा'. ते 'रामालू' केले गेले. शिवाय दैनिकातली पट्टी रोज कालच्या गोष्टीची आठवण देऊन सुरू होते. पुस्तकात त्या चौकटी नकोत म्हणून काढल्या, आणि ठराविक पानांत गोष्ट बसावी म्हणून आणखीही कात्री चालली.

आता मूळ मालिकेची इंग्रजी दैनिक आवृत्ती २०१० पासून अमेरिकेत क्रमवार पुस्तकरूपाने निघू लागली. ती हाती घेतल्यावर जुन्या वाचकाला दोन अनुभव एकदम येतात. आपण लहानपणी वाचले ते अपुरे होते हे कळते. आणि आपण वाचले ते निराळे होते हेही कळते. पहिल्याचे दुःख करावे, पण दुसरे विसरू नये. डेंकालीचा वेताळ ही न्यूयॉर्कच्या मालिकेची मोडकी प्रत आहे, हे म्हणणे अर्धेच खरे. ती तिची भारतीय शाखा आहे. भांडारकर मंदिराच्या संपादकांनी काश्मीरची, बंगालची, दक्षिणेची प्रत अशा शाखा मानल्या, त्याच अर्थाने. मूळ संहिता शोधताना शाखा जाळून टाकावयाच्या नसतात.

येथे एका अवघड गोष्टीला हात घातला पाहिजे. जुन्या मालिकांत सगळेच गोड नाही. मँड्रेकचा सोबती लोथार हा आफ्रिकेतला राजपुत्र; पण आरंभीच्या वर्षांत तो चित्त्याचे कातडे नेसून, मोडकी भाषा बोलत, धन्याच्या मागे चालताना दिसतो. १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स हा नवा चित्रकार आल्यावर तो नीट कपडे घालू लागला, नीट बोलू लागला. जुनी पाने पुन्हा छापताना त्या लोथारचे काय करावे? काहींचे म्हणणे, ती पाने गाळावी. काहींचे म्हणणे, शब्द सुधारून घ्यावे. मला दोन्ही मते मान्य नाहीत. ज्यांची थट्टा झाली त्यांच्या वेदनेला कमी लेखून मी हे म्हणत नाही. उलट, ती वेदना खरी होती याचा पुरावाच त्या पानांत आहे. पान पुसले तर अपमान करणारा सुटतो. आपल्याकडच्या जुन्या विनोदी मासिकांतही शिकलेल्या स्त्रिया, खेडूत, परप्रांतीय आणि खालच्या मानलेल्या जाती यांच्यावरची चित्रे आहेत. ती छापावयाची तर जशीच्या तशी छापावी, आणि आरंभी अभ्यासकाने चार पाने लिहून आपण काय पाहत आहोत हे स्पष्ट सांगावे. मुलांच्या हाती द्यावयाचे पुस्तक निराळे आणि इतिहासाचे साधन निराळे. एकाला दुसऱ्याचे सोंग देऊ नये.

जीर्णोद्धार हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण देवळांच्या बाबतीत त्याचा चांगला आणि वाईट असा दोन्ही अनुभव आपल्याला आहे. काळ्या दगडाच्या कोरीव खांबांना भक्तिभावाने ऑइलपेंट फासलेले आपण गावोगाव पाहतो. भक्ती खोटी नसते. पण छिन्नीची खूण कायमची बुजते. याच्या उलट उदाहरण सप्तशृंगी गडाचे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या साठलेले शेंदराचे कवच २०२२ साली काढण्यात आले आणि देवीचे मूळ रूप दृष्टीस पडले. लोकांना आनंद झाला. आणि ज्या रूपापुढे आपल्या आजीने हात जोडले ते रूप आता दिसणार नाही, अशी हुरहूरही कित्येकांना वाटली असेल. दोन्ही भावना रास्त आहेत. म्हणून माझे म्हणणे असे की, कवच उतरवण्याआधी त्याचे चित्र घ्यावे, ते कसे चढत गेले ते लिहून ठेवावे, आणि मगच हात लावावा. वेताळाच्या रंगाच्या प्रश्नालाही माझ्यापाशी हेच उत्तर आहे. करडा मनातला, काळापांढरा पहिल्या पट्टीतला, जांभळा रविवारच्या पानातला, निळा आपल्या पहिल्या अंकांतला. चारही खरे, फक्त कोणती प्रत कोणत्या साली कोठे छापली, हे पुस्तकाने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

संग्राहकांविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. संग्राहक हा प्राणी थोडा लोभी असतो. एखादा दुर्मीळ अंक आपल्यापाशीच असावा, दुसऱ्यापाशी नसावा, असे त्याला वाटते. आणि पुनर्मुद्रणाने किंमत उतरेल या भीतीने तो पेटी उघडत नाही. परंतु ब्लॅकबियर्ड आणि मारेस्का हेही संग्राहकच. त्यांनी पेटी उघडली म्हणून आज आपण ती पाने पाहू शकतो. संग्रह करण्याने वस्तू वाचते. दाखवण्याने ती इतिहासात जमा होते. अर्थात कायद्याचे भान हवे. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. तेव्हा जुना अंक आपल्या मालकीचा आहे म्हणून त्यातले चित्र छापण्याचा अधिकार आपला होत नाही. जपण्यास मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी आपल्या गावाकडे येतो. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये 'चिंटू'ची पट्टी सुरू झाली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी जन्मास घातलेला हा मुलगा, त्याचे पप्पू, मिनी, राजू, बगळ्या हे सवंगडी आणि जोशीकाकू यांच्याबरोबर पुण्यातली एक पिढी वाढली. त्याची पुस्तके निघाली, २०१२ साली चित्रपटही आला. म्हणजे चिंटू सुरक्षित आहे असे आपण समजतो. पण पुस्तकात चिंटू आहे, त्याचा दिवस नाही. त्या पट्टीच्या शेजारी कोणती बातमी होती, त्या दिवशी नळाला पाणी आले होते काय, दहावीचा निकाल होता की मतदान होते, हे पानच सांगू शकते. आणि पान कोणापाशी आहे? अमेरिकेतल्या मालिकांची प्रुफे विद्यापीठांत आहेत. मराठी इंद्रजालाचे, मराठी साप्ताहिकांतील चित्रमालिकांचे तसे नाही. वाचकाच्या घरची प्रत हीच पुष्कळदा त्यांची एकमेव पोथी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील किती घरांचे माळे आणि कपाटे धुऊन नेली, हे या शहराला सांगावयास नको. पूर रोज येत नाही. रद्दीवाला मात्र दर महिन्याला येतो.

म्हणून काही व्यावहारिक सूचना करतो आणि आपली रजा घेतो. घरात जुने अंक, कात्रणांच्या वह्या, कॉमिक्स असतील तर विकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. कात्रण कापावयाचे तर वृत्तपत्राचे नाव आणि तारीख शिसपेन्सिलीने पाठीमागे लिहा. तारखेवाचून कात्रण म्हणजे पत्त्यावाचून पत्र. शक्य तर कापूच नका, पान पूर्ण ठेवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो. प्लॅस्टिकचे कायमचे आवरण चढवू नका. ते पुन्हा निघत नाही. पाने घडी न घालता सपाट, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवा. त्यांची प्रतिमा घ्याल ती रंगीत आणि पूर्ण आकाराची घ्या, आणि साफसफाई केलेली प्रत वेगळी ठेवून पहिली, डागाळलेली प्रतिमा तशीच राखा. पुढचा जीर्णोद्धार तिच्यावरून व्हावयाचा आहे. आणि ज्या ग्रंथालयाचे आपण सभासद आहात, त्याच्या वार्षिक सभेत जुनी नियतकालिके काढून टाकण्याचा ठराव आला, तर हात वर करून एवढेच विचारा की, याची दुसरी प्रत कोठे आहे हे कोणी पाहिले आहे काय?

राजवाड्यांना घरोघर हिंडून जुने कागद मागावे लागले. आपल्याला दूर जावयाचे नाही. ज्या माळ्यावर ते कागद आहेत, तो आपल्याच घरात आहे.